जपानी दिग्दर्शक संघाचा नवोदित पुरस्कार : 'नवा' म्हणायचं कुणाला?

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात नऊ-दहा जण महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, चित्रपट बघतो आणि मग चहावर भांडतो. पावसाळ्यानंतरचे तीन रविवार जपानसाठी ठेवलेत. अडचण अशी की यादी करायला बसलं की कुरोसावा, ओझू आणि मिझोगुची या तिघांपाशीच गाडी अडते. तिघंही थोर, पण आमच्यातल्या निम्म्यांनी ते पाहिलेत.

म्हणून मी वेगळं दार शोधलं. जपानच्या चित्रपट दिग्दर्शक संघाचा दरवर्षी एका होतकरू नव्या दिग्दर्शकाला दिला जाणारा पुरस्कार आहे. पहिला पुरस्कार १९६० चा, नागिसा ओशिमा यांना. यात मला भावलेली गोष्ट म्हणजे हा पुरस्कार समीक्षकांचा नाही, सरकारचा नाही, तिकीटबारीचा तर नाहीच. दिग्दर्शकांची संघटना आपल्यात नव्याने येणाऱ्याला म्हणते, ये, बस. हे मला फार मोलाचं वाटतं.

दोन प्रश्न :
१. या वाटेने गेलं तर तीन रविवारी कोणते तीन चित्रपट दाखवावेत?
२. 'नवा' म्हणजे नक्की कोण? पहिला चित्रपट केलेला? वयाने लहान? की आणखी काही?

प्रश्नचिन्ह
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पहिला चित्रपट केला तो नवा. दुसरा केला की जुना. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार आहे, तिथे हाच नियम. 'बाबू बँड बाजा' आणि 'फँड्री' या दोन्हींना तो मिळाला आणि दोन्ही त्या त्या दिग्दर्शकाचे पहिलेच पूर्ण लांबीचे चित्रपट होते. गोंधळ नाही, वाद नाही.

मृण्मयी_क
@प्रश्नचिन्ह, मग या जपानी पुरस्काराच्या पहिल्याच मानकऱ्याचं काय करायचं? ओशिमांना तो 'सेइशुन झान्कोकु मोनोगातारी' (तारुण्याची क्रूर कहाणी) या चित्रपटासाठी मिळाला आणि तो त्यांचा दुसरा चित्रपट होता. पहिला १९५९ चा. कबुतर विकणाऱ्या एका गरीब मुलाची गोष्ट. विकलेलं कबुतर उडून घरी परत येतं आणि मुलगा तेच पुन्हा विकतो. शोचिकू कंपनीला मूळ शीर्षक चाललं नाही. 'प्रेम आणि आशेचं शहर' असं गोड नाव चिकटवलं, आणि वर मालकांची नाराजी झाली ती झालीच.

प्रश्नचिन्ह
दुसरा? मग माझा नियम पहिल्याच चेंडूवर बाद. ठीक आहे, ऐकतो आहे.

जुनाट_रीळ
धागा बघून राहवलं नाही. आम्ही सत्तरच्या दशकात फिल्म सोसायटीत सोळा एमएमच्या रिळांवर जपानी चित्रपट बघायचो. एका खेळात दोनदा रीळ तुटायचं आणि कुणीही उठून जायचं नाही.

तिसरी_घंटा, तुम्ही १९६० चा उल्लेख केलात, त्या वर्षाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्याशिवाय हा पुरस्कार कळणार नाही.

त्या काळी जपानात दिग्दर्शक होणं म्हणजे गुरुगृही राहण्यासारखं होतं. मोठ्या कंपनीची परीक्षा द्यायची, सहायक दिग्दर्शक म्हणून लागायचं, आणि मग वर्षानुवर्षं पाटी धरायची, कलाकारांना बोलावून आणायचं, रात्री पटकथा लिहून वरिष्ठांना दाखवायच्या. कंपनीला वाटेल तेव्हा चित्रपट मिळणार. ओशिमा क्योतो विद्यापीठात कायदा शिकले, विद्यार्थी चळवळीत होते, १९५४ मध्ये शोचिकूत लागले. पाच वर्षांत दिग्दर्शक झाले, हे तेव्हाच्या मानाने फार लवकर. कारण धंदा घसरायला लागला होता. १९५८ मध्ये जपानात वर्षाला ११२ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली, तो कळस. त्यानंतर घरोघरी टीव्ही आला आणि प्रेक्षक गळायला लागला. तरुण प्रेक्षकाला ओढायचं तर तरुण दिग्दर्शक हवेत, असा कंपनीचा हिशोब.

आता खरी गंमत बघा. १९६० मध्ये दिग्दर्शक संघाचे अध्यक्ष कोण होते? यासुजिरो ओझू. तेही शोचिकूचेच. ओझूंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेतून बघणारा, शांत, कुटुंबाच्या आत रमणारा. ओशिमांना नेमकं तेच मोडायचं होतं. हातात धरलेला हलता कॅमेरा, डोळ्यावर येणारे रंग, अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्धच्या मोर्चाची खरी दृश्यं चित्रपटाच्या मध्येच. आणि ओझू ज्या संघाचे अध्यक्ष, त्या संघाने आपला पहिला नवोदित पुरस्कार या बंडखोर पोराला दिला. तेव्हा ओशिमा २८ वर्षांचे होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा पुढचा राजकीय चित्रपट शोचिकूने चार दिवसांत थिएटरातून काढून घेतला. समाजवादी पक्षाचे नेते असानुमा यांचा भर सभेत खून झाला होता, त्याच आठवड्यात. ओशिमा चिडून कंपनी सोडून गेले. म्हणजे संघाने दाराशी स्वागत केलं आणि कंपनीने दार लावलं, सगळं एकाच वर्षात.

मृण्मयी_क
काका, काय लिहिलंत! यात एक पुढची कडी जोडते. हेच ओशिमा १९८० ते १९९६ अशी सोळा वर्षं त्याच दिग्दर्शक संघाचे अध्यक्ष होते. २८ व्या वर्षी ज्या घरात पाहुणा म्हणून गेले त्याचे कर्ते झाले.

सह्याद्री_वारा
थोडा विरोधी सूर लावतो. आपल्याच संघटनेने आपल्याच माणसाला पुरस्कार द्यायचा, यात मोलाचं काय? साहित्य संमेलनापासून सहकारी पतपेढीपर्यंत आपण हे बघत आलोय. आपलीच माणसं, आपलेच हार. त्यापेक्षा परक्याने दिलेली पावती खरी. नाओमी कावासे यांना १९९७ मध्ये कान महोत्सवात पदार्पणासाठीचा 'कॅमेरा दोर' मिळाला, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. नारा भागातल्या डोंगराळ खेड्यातली गोष्ट, बरेचसे कलाकार गावातलेच. तिथल्या परीक्षकांना या बाईचं नावही ठाऊक नसणार. चित्रपट बघितला आणि दिला. 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये पदार्पणाचा पुरस्कार मिळाला तोही असाच.

जुनाट_रीळ
सह्याद्री, मुद्दा चूक नाही, पण अर्धा आहे. परक्याला चित्रपट दिसतो. त्यामागचं काम दिसतंच असं नाही. पाऊस पडायची वाट बघत दोन दिवस बसलो होतो की पाण्याचा टँकर आणला, हे दिग्दर्शकाला पडद्यावर कळतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

आणि एक जुनं उदाहरण देतो. १९४३, युद्धाचा काळ. नव्या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट सेन्सॉर अधिकाऱ्यांपुढे दाखवायचा, त्यांच्याबरोबर एक-दोन अनुभवी दिग्दर्शक बसायचे. कुरोसावांच्या 'सुगाता सान्शिरो'वर सेन्सॉरवाले तुटून पडले, म्हणे हे अमेरिकी वळणाचं आहे. कुरोसावांनी आत्मचरित्रात लिहिलंय, की ते संतापून खुर्चीवरून उठणार इतक्यात ओझू उभे राहिले आणि म्हणाले, शंभरपैकी गुण द्यायचे तर मी याला एकशेवीस देईन. चित्रपट सुटला. जिथे अधिकारी आडवे आले तिथे मोठा दिग्दर्शक धाकट्याच्या मागे उभा राहिला. मला या नवोदित पुरस्काराचं मूळ त्या एका वाक्यात दिसतं. (हे माझं मत, इतिहास नव्हे.)

शांत_पाणी
एकशेवीस गुण! आमच्या गणिताच्या मास्तरांना हे कळायला हवं होतं.

सह्याद्री_वारा
काका, ओझूंच्या गोष्टीसमोर मी माघार घेतो. पूर्ण नाही, चार पावलं.

आजीची_पेटी
ओझूंचं ऐकून छान वाटलं, पण संघाची दुसरी बाजूही सांगायला हवी. किनुयो तानाका हे नाव घ्या. जपानची मोठी अभिनेत्री, मिझोगुचींच्या कितीतरी चित्रपटांची नायिका. १९५३ मध्ये तिने स्वतः दिग्दर्शन केलं. तिच्याआधी जपानात कथापट दिग्दर्शित केलेली एकच बाई होती, ताझुको साकाने, १९३६ मध्ये, आणि तीही मिझोगुचींकडे सहायक होती. तानाकाला विरोध कुणी केला? मिझोगुचींनीच. ते तेव्हा दिग्दर्शक संघाचे प्रमुख होते. जिच्या चेहऱ्यावर तुमचे चित्रपट उभे राहिले तिला तुम्ही म्हणता, हे तुझं काम नाही. मला हे वाचून आठवडाभर राग होता.

मग ओझूंनी आपली पटकथा तिला दिली, त्यावर तिने १९५५ मध्ये दुसरा चित्रपट केला, आणि संघ तिच्या पाठीशी राहिला. म्हणजे एकाच संघात दार अडवणारेही होते आणि उघडणारेही. ती तेव्हा पंचेचाळिशीची होती. तीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेली बाई 'नवोदित'! तिसरी_घंटा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे : ज्याला अजून कुणी आत घेतलेलं नाही तो नवा. वय सोडून द्या.

तिसरी_घंटा
@आजीची_पेटी, ताई, हे वाचून थांबलो. 'आत घेतलेलं नाही तो नवा', ही व्याख्या मी आमच्या गटात सांगणार.

निवांत_दुपार
ताईंच्या व्याख्येत अगदी नेमकं बसणारं नाव आहे काझुओ हारा. १९८७ मध्ये त्यांना हा नवोदित पुरस्कार मिळाला. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते आणि पहिला माहितीपट करून पंधरा वर्षं झाली होती! स्टुडिओबाहेरचा माणूस. हिंडून, पैसे जमवून, पत्नी साचिको कोबायाशी यांच्याबरोबर चित्रपट करणारा.

ज्यासाठी पुरस्कार मिळाला त्या 'युकी युकिते शिन्गुन'चा विषय सांगतो. केन्झो ओकुझाकी नावाचा माजी सैनिक. न्यू गिनीच्या जंगलातून त्याच्या रेजिमेंटमधले थोडेच जिवंत परतले. युद्ध संपल्यानंतर आपल्याच अधिकाऱ्यांनी काही जवानांना गोळ्या घातल्या, असं त्याला कळतं. मग तो चाळीस वर्षांनी त्या अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहतो आणि विचारतो, का मारलंत? म्हातारे, आजारी, नातवंडं असलेले लोक. चहा पुढ्यात येतो, आणि पाच मिनिटांत झटापट. हा तोच माणूस ज्याने १९६९ मध्ये सम्राटावर बेचकीने लोखंडी गोळ्या मारल्या होत्या.

बघताना मला कळेना मी कुणाच्या बाजूने आहे. त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याची रीत भयंकर आहे. कॅमेरा चालूच राहतो. आजही जपानात सम्राट आणि युद्ध यावर बोलायला लोक कचरतात. तेव्हा अशा माहितीपटाला दिग्दर्शक संघाने आपला म्हटलं, आणि अध्यक्ष तेव्हा ओशिमा होते. मला हा या पुरस्काराचा सर्वांत धीट क्षण वाटतो. तीनपैकी एक रविवार याला द्याच. मात्र त्या दिवशी चहा आधी करा, नंतर कुणाला सुचणार नाही.

प्रश्नचिन्ह
बेचाळीस! माझा नियम आता पूर्ण मोडीत. पण मग 'होतकरू' हा शब्दच चुकीचा नाही का? होतकरू म्हणजे पुढे काही करील असा. याने तर केलेलं होतं.

मृण्मयी_क
होतकरू हा शब्द बघणाऱ्याबद्दलही सांगतो ना. संघाला तो १९८७ मध्ये दिसला. दिसायला पंधरा वर्षं लागली यात हारा यांचा काय दोष?

कंदी_पेढा
पुरस्कार-ट्रॉफी ठीक, पण नव्या माणसाला खरंच काय लागतं? पुढच्या चित्रपटाचे पैसे. या बाबतीत पिया महोत्सवाचं मला फार कौतुक आहे. १९७७ पासून चालू. लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेले चित्रपट मागवतात, पूर्वी आठ एमएमवर केलेले असायचे. कियोशी कुरोसावा (थोर अकिरा कुरोसावांचे कुणी नव्हेत, हे दर वेळी सांगावं लागतं!) तिथूनच पुढे आले. शिवाय १९८४ पासून एक शिष्यवृत्ती आहे : निवडलेल्या दिग्दर्शकाला पूर्ण लांबीचा चित्रपट काढायला पैसा आणि निर्मितीची मदत. र्योसुके हाशिगुची यांचा १९९३ चा पहिला चित्रपट त्यातूनच झाला. शाबासकी पाठीवर, पण शिधा पदरात.

आणि पुरस्काराशिवायही होतं. २०१८ मध्ये झोंबींवरचा तो 'कॅमेरा ओ तोमेरु ना!' आठवतोय? अभिनयाच्या कार्यशाळेतून झालेला, खर्च सुमारे ३० लाख येन, सुरुवातीला तोक्योत दोन थिएटरं. कमाई शेवटी ३०० कोटी येनच्या वर. लोकांनी एकमेकांना सांगून चालवला.

सह्याद्री_वारा
पेढ्याला अनुमोदन. अवांतर : निर्मात्यांच्या संघटनेचाही नवोदितांसाठी पुरस्कार आहे, कानेतो शिंदो यांच्या नावाचा. तो काम करत असलेले निर्माते ठरवतात. या शिंदोंनी शेवटचा चित्रपट केला तेव्हा वय नव्वदीच्या पार, शंभरीला टेकलेलं. नवोदितांच्या पुरस्काराला हे नाव मला फार आवडतं.

अराकावा_पार
नमस्कार. मी सात वर्षं जपानात आहे. तोक्योत निशी-कासाईला आपली बरीच मंडळी राहतात, मी मात्र भाडं परवडावं म्हणून अराकावा नदीपलीकडे कावागुची शहरात घर घेतलं, सायतामा प्रांतात. हा धागा शेवटपर्यंत वाचला आणि आश्चर्य वाटलं, की १९६२ चा पुरस्कार अजून कुणी काढला नाही!

किरिओ उरायामा. चित्रपट 'क्युपोरा नो आरु माची'. घडतो माझ्या या कावागुचीत. तेव्हा इथे जिकडेतिकडे ओतकामाचे कारखाने होते. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकचं अग्निपात्र इथेच ओतलं गेलं. पहिल्या वेळी ओतताना साचा फुटला, म्हातारे कारागीर त्यानंतर थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांच्या मुलाने ते पुरं केलं. आता बहुतेक कारखान्यांच्या जागी उंच इमारती आहेत. अशाच एका इमारतीत मी राहतो.

चित्रपटातली जुन ही शाळकरी मुलगी. बाप जुना ओतारी, हातात कसब, पण कारखाना नव्या यंत्रांचा होतो आणि त्याची नोकरी जाते. मुलीला पुढे शिकायचंय, घरात पैसा नाही. सायुरी योशिनागा तेव्हा सतरा वर्षांची होती. शेवटी ती काम करून रात्रशाळेत शिकायचं ठरवते. शेजारचं कोरियन कुटुंब उत्तर कोरियाला निघालंय, तो स्टेशनवरचा निरोप मला दर वेळी रडवतो, कारण त्यांचं पुढे काय होणार हे आज आपल्याला ठाऊक आहे आणि पडद्यावरच्यांना नाही. उरायामांचा हा अगदी पहिला चित्रपट, पटकथेत शोहेई इमामुरांचा हात. प्रश्नचिन्ह, तुमच्या जुन्या नियमातही हा बसतो.

रंकाळा_काठ
अराकावा दादा, एक मिनिट. शीर्षकातलं 'क्युपोरा' म्हणजे आपली क्युपोला भट्टी?

अराकावा_पार
हो, तीच. 'क्युपोला असलेलं गाव.' जपानीत ल नाही म्हणून र.

रंकाळा_काठ
मग मला लिहायलाच पाहिजे. आम्ही कोल्हापूरचे. वडील एकतीस वर्षं फौंड्रीत, आधी उद्यमनगरात, मग शिरोलीला. आमच्या घरात क्युपोला हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो. ज्या दिवशी भट्टी लागायची त्या दिवशी बाबा पहाटे जायचे आणि रात्री उशिरा यायचे. कोक आणि लोखंडाचे थर, खालून वारा, आणि मग रस सुटला की थांबता येत नाही. लेडल भरून साच्यात ओतायचा, हात थरथरला तर माल गेला. शर्टाला बारीक बारीक भोकं पडलेली असायची. आई ती मोजायची आणि गप्प बसायची.

नंतर विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. बाबा ज्या कारखान्यात होते तिथली क्युपोला बंद झाली आणि जुन्या मोल्डरांना सांगितलं, आता तुमची गरज कमी. बाबा रंग बघून रसाचा ताव सांगायचे, ते आता मीटर सांगायला लागलं. त्या वर्षी माझी बारावी होती. ताईने पुढचं शिक्षण सोडून नोकरी धरली म्हणून मी इंजिनिअर झालो. ती जुन म्हणजे आमची ताईच की! आणि हे एका जपानी माणसानं १९६२ ला करून ठेवलंय, आणि मला आज कळतंय.

मला पुरस्काराचं एवढं कळत नाही. पण त्या संघातल्या कुणीतरी हा चित्रपट उचलून धरला, वर्षाच्या यादीत नाव राहिलं, म्हणून साठ वर्षांनी अराकावा दादांनी ते इथं काढलं आणि ते माझ्यापर्यंत आलं. नाहीतर कुठून कळणार होतं?

आजीची_पेटी
रंकाळा, तुमच्या ताईला माझा नमस्कार सांगा.

जुनाट_रीळ
मी हा चित्रपट पाहिलाय. धूर आणि नदीवरचा पूल एवढंच डोळ्यांसमोर होतं. तुमच्या प्रतिसादामुळे त्या बापाचा चेहरा परत आठवला.

सह्याद्री_वारा
उरलेली माघारही घेतली.

तिसरी_घंटा
मंडळी, तीन रविवार ठरले. पहिला उरायामा, दुसरा ओशिमा, तिसरा हारा. खरं तर चौथा घ्यावासा वाटतोय : जुन्जी साकामोतो यांचा १९८९ चा बॉक्सिंगवरचा पहिला चित्रपट, त्यालाही हा पुरस्कार आहे आणि नायकाच्या कामात ओसाकाचा खराखुरा माजी बॉक्सर. दिवाळीनंतर बघू.

रंकाळा_काठ, पहिल्या रविवारी बाबांना आणि ताईंना घेऊन पुण्याला याल का? माझ्याकडेच ठेवतो, कोथरूडला. तळमजला आहे, जिने नाहीत.

रंकाळा_काठ
बाबांना विचारलं. म्हणाले, जपानी कळत नाही, खालचं इंग्रजी वाचवत नाही, पण भट्टी कळेल. ताई शेजारी बसून सांगेल म्हणाली. येतो आम्ही तिघं.

अराकावा_पार
तारीख कळवा. तुमचे चार वाजतात तेव्हा इथे साडेसात. व्हिडिओ कॉलवर मी खिडकीतून आजचं कावागुची दाखवतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटी फौंड्री अजून चालू आहे. मालकांना विचारून बघतो, रविवारी आत जाऊ देतात का. बाबांना बघायला आवडेल.